नैरोबी ते जोहान्सबर्ग: तीन तास की पाच?

काका: तिकिटं आली. नैरोबीहून सकाळी ८ ला सुटतं, जोहान्सबर्गला ११:१० ला पोचतं. येताना मात्र दुपारी १ ला निघून नैरोबी थेट ६:१० ला. दोन तास जास्त कसे? वाटेत कुठे थांबतं का?

चिनू: येताना चढ लागत असेल काका 😄

नैरोबीची ताई: थांबत नाही काका. जाता-येता साधारण ४ तास १० मिनिटंच. तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते आणि जोहान्सबर्ग आमच्या एक तास मागे. जाताना तो तास पदरात पडतो, येताना परत करायचा. आपल्याकडच्या घड्याळापेक्षा नैरोबी अडीच तास मागे, ते साडेतीन.

दादा: अंतर किती गं? नकाशात तर हातभर वाटतंय.

ताई: सरळ रेषेत २,९०० किमीच्या आसपास. मुंबई-दिल्लीच्या अडीचपट! आणि चिनू, चढाचं म्हणशील तर दोन्ही विमानतळ उंचावरच आहेत. जोहान्सबर्गचा जवळपास १,७०० मीटरवर, कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. हवा विरळ, विमानाला धाव जास्त लागते, म्हणून तिथली मोठी धावपट्टी तब्बल ४.४ किमी आहे. काकू, ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा. स्वेटर मोठ्या बॅगेत कोंबू नकोस, हाताशी ठेव.

काकू: बरं. खिडकी कुठली मागू?

ताई: जाताना डावीकडची. आकाश मोकळं असेल तर निघाल्यावर थोड्याच वेळात किलिमांजारो दिसतो. काकांना मधली सीट दे, ते तसेही झोपणार.

ताई: पण तास-किलोमीटर राहू देत, यलो फीवरच्या लसीच्या कार्डाचं काय झालं? केनियातून आलेल्याला दक्षिण आफ्रिकेत ते दाखवावं लागतं. नैरोबीत फक्त विमान बदललं आणि १२ तासांच्या आत निघालात तर गोष्ट वेगळी, तुम्ही तर माझ्याकडे राहणार. भारतात परततानाही मागतात, नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

काका: हे एजंट बोललाच नाही!! लगेच मिळतं का?

दादा: कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही मिळत, सरकारमान्य केंद्रातच. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं, मग जन्मभर चालतं. पण साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेताना डॉक्टर नीट विचारपूस करून ठरवतात. तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, बीपीचीसुद्धा.

काका: आज २ तारीख. आम्ही १४ ला निघतोय.

ताई: मग उद्या-परवाच टोचून घ्या, दुसरा उपाय नाही.

काकू: सकाळी उठल्या उठल्या मीच फोन लावते. यांच्यावर सोडलं तर हे आधी मुंबई-दिल्ली खरंच अडीचपट आहे का ते मोजत बसतील.