रोम एका दिवसात: थोडी भर
रोम एका दिवसात बघण्याबद्दलच्या मूळ लेखात म्हटलंय, की विद्यार्थी ओळखपत्रावर कोलोसियमला सवलत मिळेल. तसं नाही. तिथलं 2 युरोचं सवलतीचं तिकीट 18 ते 25 वयाच्या युरोपियन युनियनच्या नागरिकांनाच आहे. भारतीय पासपोर्टवर पूर्ण तिकीट पडतं. तिकीट नावावर निघतं आणि दारात पासपोर्ट तपासतात, म्हणून नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. मोठी सॅक आत नेता येत नाही. ती रोमच्या मुख्य तेर्मिनी रेल्वे स्टेशनवरच सामानघरात ठेवा, तिथून मेट्रोच्या बी लाइनने कोलोसियम दुसरंच स्टेशन.

कोलोसियमच्याच तिकिटात शेजारचा फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलाटाइन टेकडी येते, पण प्रवेश एकदाच. जेवायला बाहेर पडलात की संपलं! त्यामुळे आधी पॅलाटाइन चढा, मग उतरत फोरम बघा. सावली फार कमी आहे, बाटली हवीच. रस्त्याकडेला बिडाचे नळ सतत वाहत असतात, पाणी पिण्याचंच. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उसळते. थेट तोंड लावून पिता येतं.

व्हॅटिकनची म्युझियम्स त्याच दिवशी कोंबू नका, दोन्हीकडे नुसती पळापळ होते. त्यापेक्षा पँथिऑनला, म्हणजे घुमटाच्या प्राचीन रोमन मंदिराला, निवांत अर्धा तास द्या. घुमटाच्या उघड्या झरोक्यातून आलेला उन्हाचा गोल कवडसा भिंतीवर सरकताना दिसतो.