शब्दचर्चा : कापड, वस्त्र आणि वाकळ

प्रश्न (परभणी) : वाकळीत, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीत, कापडाशिवाय दुसरं काही नसतं, तरी आमच्याकडं तिला कुणी कापड म्हणत नाही. मग कापड नेमकं कशाला म्हणायचं? आणि वस्त्र म्हणजेच कापड का?

पैठण : नाही. 'वस्त्र' हे संस्कृत 'वस्' धातूवरून, म्हणजे अंगावर घेणं, पांघरणं. 'कापड' आलं 'कर्पट'वरून, त्याचा अर्थ जुनेर, फडकं. (कापूस 'कार्पास'वरून, या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते.) पूजेतलं कापसाचं वस्त्र बघा. त्याला ना ताणा (उभे धागे) ना बाणा (आडवे धागे), नुसता वळलेला कापूस आणि कुंकवाची बोटं. पण देवाला वाहिलं की ते वस्त्र. कापड मात्र विणलेलंच लागतं.

आणि विणीवरच त्याचं नाव ठरतं. पैठणीच्या पदरावरचा मोर बाण्याच्या रंगीत धाग्यांनी विणता विणताच भरतात, म्हणून तो उलट्या बाजूनंही तसाच दिसतो. संभाजीनगरच्या हिमरू कापडात नक्षीचे जादा धागे मागं मोकळे सुटलेले असतात. मशरू कापडात रेशीम वर, सूत अंगाकडं. मशरू हा अरबी शब्द, अर्थ 'धर्माला मान्य'. निव्वळ रेशीम अंगाला लागू न देता रेशमाची झळाळी मिळावी, म्हणून ही वीण. दुकानात छापील मोराला सर्रास पैठणी म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही.

उदगीर : माझ्या मते कापडाला काम मिळालं की त्याचं 'कापड' हे नाव सुटतं. आमच्या उदगीरला विणलेल्या खादीचे नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज होतात. त्या ध्वजाला मग कोण कापड म्हणेल? वाकळीचं तेच. वरखाली लुगडं, आत विरलेली धोतरं, परकर, झबली. कडेपासून धावदोरा घालत घालत मधोमध यायचं. तिथं वीण जुनी, वाकळ होते ती टाक्यांनी. पण मूळ नाव पुरतं जात नाही. वाकळीवर हात फिरवत बाया अजून सांगतात, "हे आत्याचं लुगडं, हा बाळंतपणातला परकर." म्हणून शब्दकोशात वाकळीपुढं नुसतं 'जाड पांघरूण' लिहिलेलं मला अपुरं वाटतं. 'जुन्या कपड्यांचे थर टाके घालून केलेलं', एवढं तरी हवंच.

परभणी : पटलं. आणि घोंगडी?

पैठण : ती लोकरीची, पण मागावर विणलेली. म्हणजे कापडच.