गलबताचं मॉडेल: पॉलिश आणि खुंट्यांची चाचणी कशी घ्यावी?

केळीपट्टा, यावल

राम राम मंडळी. १:४८ मापाचं गलबत करायला घेतलंय. कणा आणि फासळ्या सागाच्या, वरच्या फळ्या हळदूच्या; दीड मिमी जाड, पाच मिमी रुंद. फळ्या फेव्हिकोलने चिकटवून प्रत्येक फासळीवर दोन-दोन खुंट्या मारायच्या आहेत. खुंटीला बांबू, तांब्याची तार की पितळी पिन? वरून लाखेचं पॉलिश की बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल)? मॉडेल हॉलमध्ये राहील. वर पत्रा आहे, उन्हाळ्यात दिवसभर कूलर चालतो. जहाजाला हात लावण्याआधी तुकड्यांवर चाचणी करायची आहे. तुकडे केवढे, किती, आणि त्यात नेमकं बघायचं काय?

सातपुडा सुतारकाम

भाऊ, खुंटी आणि पॉलिश वेगवेगळे तपासू नका. निम्म्या भानगडी दोन्ही एकत्र आल्यावरच होतात.

सागाची १२ × ४ सेंमी पट्टी घ्या आणि तिच्यावर जहाजावर लावणार तशाच आठ फळ्या चिकटवा. लांबीचे तीन-तीन सेंमीचे चार भाग पाडा: बांबू, तांबं, पितळ आणि एक भाग बिनखुंटीचा. असे चार तुकडे करा. एक कोरा, एक लाखेचा, एक बेलतेलाचा, एक लाखेवर मेणाचा. जमलं तर दुसरा जोडही करा. तो कपाटात राहू द्या, म्हणजे महिन्याभराने शेजारी धरून बघता येतं. जवसाचं तेल उजेडापेक्षा अंधारात जास्त पिवळं पडतं, हेही त्या कपाटातल्या तुकड्यावरच कळेल.

आता हवामान. पसरट वाटीत मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला. घट्ट झाकणाच्या डब्यात वाटी आणि तुकडे शेजारी ठेवा. मिठाचं पाणी तुकड्याला लागता कामा नये. मीठ पूर्ण विरघळलेलं नसेल तोवर डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. आठवडाभर डब्यात, आठवडाभर पत्र्याखाली माळ्यावर. अशा तीन फेऱ्या, म्हणजे सहा आठवडे. कूलरची ओल आणि दुपारची धग, दोन्हींची परीक्षा होते.

प्रत्येक फेरीनंतर खुंट्यांवरून नख आडवं फिरवा. फळी सुकली की जाडीला आक्रसते, पण तार आणि पिन तेवढीच राहते. डोकं केसाएवढं वर येतं आणि पॉलिशची पापडी उचलतं. बांबूही लांबीला आक्रसत नाही, त्यामुळे तोही थोडा वर येतो, पण त्याच्यावरून पुन्हा ४०० नंबरचा घासकागद फिरवता येतो. तांब्यावर कागद फिरवला की धातूची काळी भुकटी हळदूच्या पिवळ्या अंगात बसते आणि ती निघत नाही. धातूच घ्यायचा असेल तर आधी फळीवर पातळ लाखेचा एक हात द्या, मग खुंट्या घासा.

दुसरं, हिरवं कडं. तांबं किंवा पितळ आणि वर बेलतेल ही जोडी टाळा. तेलातली आम्लं तांब्याला धरतात आणि डोक्याभोवती हिरवट वर्तुळ उठतं. पितळातही तांबं असतंच. लाखेखाली हा त्रास फारच कमी.

माझं मत: बांबू आणि लाख.

वाघूरकाठ

वरच्या उत्तराशी सहमत. खुंटीच्या मापाबद्दल थोडं.

खऱ्या जहाजात लाकडी खुंटी साधारण एक ते दीड इंच जाड असायची. १:४८ मध्ये ती अर्धा ते पाऊण मिमी होते. ०.६ मिमी धरा. त्याहून जाड खुंटी लावली की जहाजाला गोवर उठल्यासारखं दिसतं. बांबूचा रंग हळदूच्या जवळचा आहे, म्हणून खुंटी दिसते पण ओरडत नाही.

बांबू सुकलेला, जून हवा. हिरवी साल तासून टाका आणि तिच्या लगेच आतला थर घ्या. दाट तंतू तिथेच असतात. आतल्या गाभ्याची काडी ओढताना तुटते. दीड मिमीची चौकोनी काडी करून सोनाराच्या तार ओढायच्या जंत्रीतून (उतरत्या मापाच्या भोकांची पोलादी पट्टी) काढा. जळगावात सराफी कामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानांत जंत्री मिळायला हवी. सोनार तार रुंद तोंडाकडून घालतो, तुम्ही उलट्या, बारीक तोंडाकडून घाला. भोकाची धारदार कड बांबूला तासते. सरळ बाजूने घातलं तर तो नुसता दबतो आणि फेव्हिकोलचं पाणी लागताच फुगतो. एकेक भोक उतरत या, भोकं गाळू नका.

भोक ०.६५ मिमी, नसेल तर ०.७ मिमी. खोली चार मिमी, म्हणजे फळीतून फासळीत अडीच मिमी शिरते. ड्रिल बिट हातातल्या पिन व्हाइसमध्येच (बारीक बिट धरणारी छोटी पकड) फिरवा.

तांबंच हवं असेल तर मोटार वाइंडिंगच्या दुकानात २४ गेजची तार मागा, ती ०.५६ मिमी भरते. तिच्यावर इनॅमलचा थर असतो. तो कागदाने खरवडून काढा, नाहीतर घासल्यावर डोकं तांबडं आणि कडेला तपकिरी रिंग दिसते.

केळीपट्टा, यावल

खूप उपयोगी माहिती. अजून दोन शंका. लाख किती पातळ करायची? आणि सागाच्या फासळीवर फळी निघून येते, असं ऐकलंय. खरं आहे का?

सातपुडा सुतारकाम

सागाचं खरं आहे. त्याच्या अंगचं तेल पृष्ठभागावर येतं आणि फेव्हिकोलला धरू देत नाही. चिकटवायच्या आधी फासळीची कड कागदाने ताजी करा, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा, आणि सुकली की त्याच बैठकीत चिकटवा. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर तेल पुन्हा वर येतं. हेच तेल मोठ्या जहाजात गुणाचं: ओकच्या लाकडात लोखंडी खिळा गंजून खाल्ला जातो, सागात टिकतो. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागात बांधलेलं त्रिंकोमाली हे ब्रिटिश लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे.

लाख: फिकट चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) घ्या, लाखदाण्याचा (कच्च्या लाखेचे दाणे) रंग हळदूला गडद पडतो. १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा. गाळ खाली बसला की वरचं नितळ तेवढं ओतून घ्या. तीन पातळ हात, मध्ये तासभर. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांनी काचेवर थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशीही चिकट राहिला तर ती लाख फेकून द्या. पावसाच्या झडीत किंवा कूलरच्या झोतात हात मारू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पांढुरकं येतं. नुसतं स्पिरिट लावलेल्या बोळ्याने हलकं पुसलं की बहुधा जातं.

चिकटवताना बाहेर आलेला फेव्हिकोल ओल्या कुंच्याने तेव्हाच काढा. राहिला की तेल त्या जागी मुरत नाही, लाखेखालीही फिकट डाग राहतो. पॉलिशआधी तुकडा स्पिरिटने पुसा, डाग लगेच दिसतात.

वाघूरकाठ

मेणाचा तुकडा माळ्यावरून उतरवला की गरम असतानाच बोट टेकवून बघा. मधमाशीचं मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, पण आपल्या ४४-४५ च्या उन्हात पत्र्याखाली मऊ होतं आणि खळ्याची धूळ धरून ठेवतं. डोलकाठीच्या दोरांमागे बसलेली ती धूळ काढता येत नाही.

बेलतेलाचा तुकडा करणार असालच तर तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा अंगणात दोरीवर पसरून पूर्ण वाळवा.