मदत हवी आहे: मिश्र पिल्लांचा बाप कोणता, आणि मोठेपणी रंग कसा निघेल?

नमस्कार मंडळी. आम्ही मोहोळ तालुक्यातले. शेत ज्वारीचं आणि थोडा ऊस, परसात कोंबड्या. कोंबड्यांचं सासूबाई आणि मी दोघी बघतो. संक्रांतीनंतर गावरान कोंबडी खुडूक झाली, तेव्हा तिच्याखाली तिन्ही कोंबड्यांची अंडी एकत्र ठेवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली आणि रंग बघून घरात रोज चर्चा चालू आहे.

आमच्याकडं कोंबडे दोन. एक कडकनाथ, मध्यंतरी त्याची लाट आली होती तेव्हा दिरांनी आणलेल्या जोडीचा हा पुढचा. पूर्ण काळा, तुरा एकेरी. दुसरा लाल-काळा असील, म्हणजे झुंजीच्या जातीचा, उंच, पिवळ्या पायांचा, तुरा बारीक आणि चपटा. शिवाय बांधापलीकडचा एक तांबडा कोंबडा दुपारी आमच्याकडंच असतो. त्याचा तुरा करवतीसारखा उभा.

कोंबड्या तीन. खुडूक बसलेली तपकिरी गावरान, तिच्या पिसांवर बारीक नक्षी आहे. दुसरी नागड्या मानेची तांबूस, तिची मान लालबुंद, पण मानेखाली पुढं पिसांचा एक झुबका आहे. तिसरी काबरी, म्हणजे काळ्यावर पांढरे आडवे पट्टे. तिघींचे पाय पिवळे, तुरे एकेरी.

पिल्लांमध्ये काळी जास्त आहेत. त्यातल्या काहींच्या डोक्यावर फिकट ठिपका आहे, काहींच्या नाही. दोन पिल्लांच्या पाठीवर खारीसारखे पट्टे आहेत, पण पुसट. दोन नागड्या मानेची, त्यातलं एक काळं आणि एक तांबूस. आणि एक पूर्ण फिकट पिवळं, त्याचं तर काहीच कळत नाही. आमच्याकडं पांढरा पक्षीच नाही.

विचारायचं कारण असं की उन्हाळ्याआधी दोन्हीपैकी एकच कोंबडा ठेवायचा आहे. एकत्र राहिले की रक्त निघेपर्यंत झुंजतात. सासूबाई म्हणतात असील ठेव, पिल्लं दणकट होतात. मला कडकनाथ ठेवावा वाटतो, कारण सोलापुरात काळ्या कोंबडीला विचारणा असते. कोणाची पिल्लं कोणती हे कळलं तर दोघांची वाढ शेजारी शेजारी बघून ठरवता येईल. जाणकारांनी मनापासून सांगा.

प्रतिसाद (सांगोल्याहून)

डोक्यावर ठिपका असलेली काळी पिल्लं काबरीचे नर. एवढं डोळे झाकून लिहून ठेवा. पोटावर आणि पंखांच्या टोकाला पांढरं असतं ते मात्र धरू नका, ते बहुतेक काळ्या पिल्लांना असतं.

प्रतिसाद (बार्शीहून)

ताई, पिसांचा रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी मान, मग तुरा, मग कातडी. पिसं फसवतात. या तीन गोष्टी सहसा फसवत नाहीत.

मानेपासून सुरू करू. नागडी मान हा गुण प्रभावी आहे, म्हणजे अंगात असला की दिसतोच, लपून राहत नाही. तुमच्याकडं तो एकाच कोंबडीत आहे, तेव्हा ती दोन्ही पिल्लं तिचीच, बाप कोणीही असो. मानेखाली झुबका आहे याचा अर्थ हा गुण तिला एकाच बाजूने आला आहे. दोन्ही बाजूंनी आला असता तर मान जवळपास पूर्ण उघडी असती. म्हणून तिची साधारण निम्मी पिल्लं भरल्या मानेची निघतात, आणि तशी पिल्लं बाकीच्यांत मिसळलेली असू शकतात.

आता तुरा. असीलचा चपटा तुरा तीन बारीक ओळींचा असतो, त्याला वाटाणा तुरा म्हणतात. आईबापाचे गुण पिल्लांत कसे उतरतात याचे मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू होतात हे १९०२ साली इंग्लंडमध्ये बेटसन या शास्त्रज्ञांनी दाखवलं, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच. वाटाणा तुरा एकेरी तुऱ्यावर भारी पडतो. तुमच्या तिन्ही कोंबड्या आणि बाकीचे दोन्ही कोंबडे एकेरी तुऱ्याचे आहेत, म्हणजे ज्या पिल्लाचा तुरा चपटा त्याचा बाप असीलच. पिल्लू हातात घेऊन चोचीच्या वर बोट फिरवा, उजेडात बघा. एक धार लागली तर एकेरी, बसकं आणि रुंद लागलं तर वाटाणा. पण उलटं खात्रीने म्हणता येत नाही. असीलमध्ये एकेरी तुऱ्याचं रक्त लपलेलं असेल तर त्याचीही काही पिल्लं एकेरी तुऱ्याची येतील.

सगळ्यात मोलाची खूण कातडीची. कडकनाथचा काळेपणा पिसांपुरता नसतो, कातडी, जीभ, हाडांवरचं आवरण, सगळीकडं मुरलेला असतो. हाही गुण प्रभावी. पण दुसरा एक जनुक असा आहे की तो कातडीतला काळा रंग दाबतो. पिवळ्या पायांच्या तुमच्या कोंबड्यांकडं तो असणार. तो बसतो झेड या, नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर. कोंबड्यांत माणसाच्या उलट असतं: नराकडं झेडची जोडी, मादीकडं एक झेड आणि एक डब्ल्यू. आई आपला एकुलता झेड मुलग्यांना देते, लेकींना डब्ल्यू देते. म्हणून आईकडचा दाबणारा जनुक लेकीला मिळतच नाही, आणि लेक बापासारखी काळी निघते. मुलग्यांना तो मिळतो आणि त्यांची कातडी फिकट, फार तर ठिपक्याठिपक्यांनी काळसर राहते. १९११ मध्ये बेटसन आणि पनेट यांनी काळ्या कातडीच्या सिल्की जातीच्या कोंबड्यांवरून हेच मांडलं होतं. तेव्हा तुमच्याकडं ज्या पिल्लाचा चेहरा, पाय आणि कातडी काळी, ती कडकनाथची लेक.

काबरीचा पट्टाही त्याच झेडवर असतो. तुमचा एकही कोंबडा पट्ट्याचा नाही, म्हणून पट्टा फक्त तिच्या मुलग्यांत जाईल. सांगोल्याच्या भाऊंनी म्हटलं ते याच कारणाने. तिच्या लेकी बिनठिपक्याच्या काळ्या निघतात, आणि कडकनाथचं गावरानपासून झालेलं पिल्लूही काळंच दिसतं. म्हणून बिनठिपक्याच्या काळ्या पिल्लांना रंगावरून वेगळं काढायला जाऊ नका, कातडी बघा.

पुसट पट्ट्यांची दोन गावरानचीच वाटतात, बाप असील किंवा तो तांबडा. फिकट पिवळ्याची घाई करू नका. असील आणि तांबड्या कोंबड्यांत गव्हाळ रंगाचं रक्त असतं, तशी पिल्लं जन्मतः फिकट पिवळी असतात आणि मोठेपणी लालसर किंवा गव्हाळ होतात. आठवड्याभरात पंखांची पिसं फुटतील. त्यात तपकिरी आलं तर प्रश्न मिटला. पांढरंच राहिलं तर आई आणि बाप दोघांत लपलेला पांढरा रंग होता असं समजा. तो दोन्हीकडून आला तरच दिसतो, म्हणून पांढरा पक्षी घरात नसतानाही असं पिल्लू निघू शकतं.

एक प्रश्न. कडकनाथची जीभ बघितली आहे का? बाजारात त्या नावाने विकलेले बरेच पक्षी नुसते काळ्या पिसांचे असतात.

धागा काढणारीकडून

दादा, तुमचं वाचून आज सकाळी उजेडात एकेक पिल्लू हातात घेतलं. सासूबाईंनी धरलं आणि मी बघितलं. कडकनाथची चोच उघडून पाहिली, जीभ काळी आहे, टाळूही काळाच.

ठिपक्याच्या काळ्यांपैकी एकाचा तुरा बोटाला बसका लागतो, म्हणजे तो काबरीचा आणि असीलचा. बाकीच्यांचे एकेरी आहेत. बिनठिपक्याच्या काळ्यांत तिघींचे पाय पिल्लूपणीच काळे आहेत, डोळ्याभोवतीची कातडीही काळी. नागड्या मानेचं काळं पिल्लू तर लगेच कळलं, मानेवर पिसंच नाहीत आणि ती मान शाईसारखी काळी. आईची लाल आणि लेकीची काळी, शेजारी ठेवून बघताना फार नवल वाटलं. तांबूस नागड्या मानेचं पिल्लू एकेरी तुऱ्याचं, तो बांधापलीकडचा असावा. पट्ट्यांच्या दोन्ही पिल्लांचे तुरे चपटे. सासूबाई खूश आहेत, दोन्ही अंगाने भरलेली आहेत.

आता माझं मत काळ्या नागड्या मानेच्या तलंगीवर बसलं आहे. तिला मोठी झाल्यावर बापाशीच जोडू का, म्हणजे काळं रक्त वाढेल?

प्रतिसाद (बार्शीहून)

ती जपा. नागड्या मानेच्या कोंबड्यांच्या अंगावर साधारण २० ते ४० टक्के पिसं कमी असतात, अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो तेव्हा बाकीच्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात आणि खाणं सोडतात. या त्या मानाने तग धरतात.

पण बापाशी लेक जोडू नका. जवळच्या रक्ताची पिल्लं कमी निघतात आणि अशक्त निघतात. दुसऱ्या गावचा, काळ्या जिभेचा कोंबडा बघा, अदलाबदल करून मिळतो. तुमचा कडकनाथ काबरीसाठी आणि गावरानसाठी ठेवा, दोघी त्याच्या नात्यातल्या नाहीत. असीलला फार आधी हलवायची गरज नाही, पण वेगळा डांबा. आणि नवीन कोंबडा आला तरी लगेच अंडी बसवू नका. कोंबडीच्या अंगात आधीच्या कोंबड्याचं बीज दहा-पंधरा दिवस, कधी तीन आठवडेही टिकतं. आधीचा कोंबडा वेगळा केल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खायला घ्या, त्यानंतरची बसवा, म्हणजे बाप कोण हा प्रश्न राहणार नाही. पिल्लांच्या पायांना आईप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची लोकर सैल बांधा आणि दर तीन-चार दिवसांनी सोडून पुन्हा बांधा, नाहीतर पाय वाढतो आणि दोरा रुततो.

प्रतिसाद (सांगोल्याहून)

काळ्या जिभेचा एक कोंबडा आमच्याकडं जास्तीचा आहे, झुंजत नाही. असील त्याच्या बदल्यात देणार असाल तर सांगा. पट्ट्यांची ती दोन पिल्लं मात्र सासूबाईंकडंच राहू द्या.