‘कार्यकारी नेतृत्व’ : अर्थ आणि वापर

प्रश्न : आमच्या कंपनीतील विभागप्रमुखांसाठी प्रशिक्षणवर्ग होणार असून त्याच्या पत्रकात ‘आधुनिक संघटनांमध्ये प्रभावी कार्यकारी नेतृत्व कौशल्ये विकसित करणे’ असे वाक्य आले आहे. यातले कोणते शब्द बदलावेत?

उत्तर : आधी ‘संघटना’ काढावी. कारखान्यात हा शब्द कानावर पडला की कामगार संघटनाच डोळ्यांसमोर येते, आणि व्यवस्थापनाच्याच पत्रकात संघटनेतील नेतृत्व घडवण्याची भाषा वाचून दोन्ही बाजू बुचकळ्यात पडतील. ‘संस्था’ म्हणावे तर शिक्षणसंस्था नाहीतर पतसंस्था आठवते. सरळ ‘कंपनी’ लिहावे.

‘कार्यकारी’ची अडचण अधिक खोल आहे. पत्रकात तो ‘वरिष्ठ अधिकाऱ्यांचे’ अशा अर्थाने आला आहे, पण या शब्दाचा रोख अंमलबजावणीवर आहे. पद किती वरचे, हे तो एकटा सांगत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात कार्यकारी अभियंत्याच्या वर अधीक्षक अभियंता आणि त्याच्याही वर मुख्य अभियंता असतो. उलट जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासनाचा प्रमुख असतो, पण तेथे वरिष्ठपणा आला आहे तो ‘मुख्य’मुळे. तहसीलदारही कार्यकारी दंडाधिकारी असतो. त्यामुळे पदनामात हा शब्द खुशाल राहू द्यावा, मात्र ‘नेतृत्व’ला विशेषण म्हणून जोडल्यास अर्थबोध होत नाही. (रूढ शब्द हुकमाने हटतातच असे नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला.)

‘प्रभावी’ हा शब्द मला येथे फसवा वाटतो. छाप पाडणारे भाषण प्रभावी असते. त्यानंतर रखडलेला निर्णय मार्गी लागला तरच नेतृत्व परिणामकारक म्हणता येईल. एवढे करून वाक्य असे लिहिता येईल : ‘कंपनीचा कारभार परिणामकारकपणे चालवण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अंगी बाणवायची नेतृत्वकौशल्ये’.

दुसरे मत : ‘कारभार’ नेमका शब्द आहे, त्यात अधिकार आणि रोजचे काम दोन्ही येतात. मात्र पत्रकात पुढे ‘कामाचे हस्तांतरण’ असे कौशल्य दिले असेल, तर तेथे ‘काम सोपवणे’ लिहावे, आणि ते काम ढकलण्यापेक्षा वेगळे कसे, हे वर्गात सांगावे. खरेदीचे काम हाताखालच्या अधिकाऱ्याकडे दिले, पण किती रकमेपर्यंतची मंजुरी त्याने स्वतः द्यायची हे ठरवून दिले नाही, तर प्रत्येक फाइल सहीसाठी पुन्हा वरच येते. अशा वेळी अधिकार वरच राहिला, सोपवली गेली ती केवळ काम उरकण्याची मुदत. याच कारणाने ‘जबाबदारी’ आणि ‘उत्तरदायित्व’ हे शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत. खरेदी वेळेत करण्याची जबाबदारी त्या अधिकाऱ्याची असेल, परंतु ती फसली तर संचालक मंडळापुढे उत्तर देणे विभागप्रमुखालाच भाग आहे, आणि ते खाली सोपवता येत नाही.