मदत हवी आहे: ऑटिझमचा डेटा, फरकच दिसत नाही!

उनाड_पाखरू: एमएचा प्रबंध. स्वमग्न आणि इतर मुलं, दोन गट. टी-टेस्टमध्ये (दोन गटांच्या सरासरीची तुलना) काहीच येत नाहीये. सर म्हणतात, "व्यक्तिभेद बघ." म्हणजे करायचं काय? शुक्रवारी मसुदा द्यायचाय, प्लीज लवकर.

शेवगा: मोजलंय काय? मुलं किती? वयं?

उनाड_पाखरू: अर्थात रिअ‍ॅक्शन टाइम, म्हणजे प्रतिसादाला लागणारा वेळ. आयएसएएचे (ऑटिझमची तीव्रता मोजणारी भारतीय प्रश्नावली) गुणही आहेत.

शेवगा: मुलं किती?

उनाड_पाखरू: २२-२२. ६ ते १७ वर्षं.

शेवगा: सहा आणि सतरा एकाच पोतडीत? मग फरक कुठून दिसणार! काही मुलं फार जलद, काही फार संथ असली तरी सरासरी जुळू शकते. इतर मुलांवरून त्या-त्या वयाला किती वेळ अपेक्षित ते काढ, मग प्रत्येक स्वमग्न मूल त्यापासून किती लांब ते बघ. बाळाच्या वजनाच्या तक्त्यासारखं. नॉर्मेटिव्ह मॉडेलिंग म्हणतात.

डेटावाला: क्लस्टरिंग कर, म्हणजे सारख्या मुलांचे गट पाड, पाच मिनिटांचं काम. २०२५ मध्ये प्रिन्स्टनच्या लोकांनी असेच चार उपगट काढलेत.

शेवगा: त्यांच्याकडे पाच हजारांवर मुलं होती, प्रत्येकाची दोनशेच्या वर लक्षणं. बावीस जणांवर के-मीन्स (क्लस्टरिंगची एक पद्धत) लावलं तरी गट पडतातच, त्यांना अर्थ काय?

डेटावाला: आणि बावीस जणांवर तुमचा तक्ता बनतो वाटतं?

शेवगा: कच्चा बनतो. म्हणून तर आलेखावर एकेका मुलाचा ठिपका दाखवावा.

गोडबोले_काका: गहू आणि दूध बंद करून पाहा. आमच्या शेजाऱ्यांच्या नातवाला फार फरक पडला.

डेटावाला: काका, प्रश्न सांख्यिकीचा आहे.

ठाण्याची_आई: आयएसएएच्या आकड्यावर फार विसंबू नकोस गं. चाळीस प्रश्नांची बेरीज ती, ७० ते १०६ म्हणजे सौम्य. माझ्या लेकाचे आणि त्याच्या वर्गातल्या एका मुलीचे गुण जवळपास सारखे. ती अखंड बोलते, हा बोलतच नाही, पण आवाजाचा त्रास तिलाच जास्त. शिवाय दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत तर...

शेवगा: ताईंचं बरोबर. बेरजेऐवजी सहा विभागांचे गुण वेगवेगळे घे. आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) कुणाकुणाला आहे? एकाच मुलाचा वेळ चाचणीच्या दर फेरीला खालीवर होतो, त्या चढउताराचा संबंध बऱ्याचदा एडीएचडीशी असतो. फेरीनिहाय आकडे आहेत ना?

उनाड_पाखरू: माझ्याकडे फक्त सरासरी. मूळ फाइल सरांकडे. एडीएचडी विचारलंच नव्हतं. ठिपक्यांचा आलेख एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये कुठे असतो?