मदत हवी आहे : इम्युलेटरमध्ये अधांतरी पिन वाचली तर काय उत्तर द्यावे?

नमस्कार. रावेर तालुक्यातील आमच्या केळीबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह आणि खताची टाकी सांभाळण्यासाठी मी एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरवर एक यंत्रणा तयार करत आहे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की प्रत्येक बदल बागेत जाऊन तपासणे जमत नाही, म्हणून लॅपटॉपवर सी भाषेत स्वतःचा इम्युलेटर (चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहिला आहे. सिमएव्हीआर हा तयार इम्युलेटर उपलब्ध आहे हे ठाऊक आहे. परंतु पिन आतून कशी चालते, हे मला स्वतः लिहूनच समजून घ्यायचे आहे.

टाकीचा फ्लोट स्विच पीबी० या पिनवर असून अंतर्गत पुल-अप (मोकळ्या पिनला १ कडे ओढणारा रोध) चालू आहे. टाकी रिकामी झाली की स्विच पिनला ग्राउंडशी जोडतो, एरवी पिन १ वाचली जाते. पीबी५ वरचा दिवा मी पिनबी रजिस्टरच्या बिट ५ वर एसबीआय (एक बिट १ करणाऱ्या) सूचनेने १ लिहून उलटा करतो; पिनबी हे पिनची पातळी वाचण्याचे रजिस्टर, पण त्यात १ लिहिला की पोर्टबीचा तोच बिट उलटतो. खऱ्या बोर्डावर सारे सुरळीत चालते. इम्युलेटरमध्ये मात्र दिवा पहिल्यांदा लागताच टाकी रिकामी दिसू लागली.

कारण सापडायला दोन रात्री गेल्या. मी एसबीआय म्हणजे अख्खा बाइट वाचून, बिट बसवून, परत लिहिणे असे धरले होते. त्यामुळे पीबी० चा वाचलेला १ सुद्धा पिनबीमध्ये लिहिला जाऊन पोर्टबीचा (आउटपुट आणि पुल-अप ठरवणाऱ्या रजिस्टरचा) तो बिट उलटत होता आणि पुल-अप बंद पडत होता. या चिपमध्ये एसबीआय फक्त सांगितलेल्या बिटलाच हात लावते. ती चूक सुधारली.

मात्र खरा प्रश्न पुढेच आहे. पुल-अप गेल्यावर पिन अधांतरी होती, म्हणजे तिला ० किंवा १ कडे नेणारे काहीच नव्हते, आणि माझा कोड अशा पिनसाठी निमूटपणे ० देत होता. त्या ०मुळेच दोष दडून राहिला. अशा वेळी ० द्यावा, यादृच्छिक मूल्य द्यावे, की पिनला ० आणि १ यांखेरीज 'कोणीही चालवत नाही' अशी तिसरी अवस्था ठेवून वाचताक्षणी इशारा द्यावा? मला तिसरा मार्ग पटतो, पण डीडीआरबी (पिनची दिशा ठरवणारे रजिस्टर), पोर्टबी आणि बाहेरील स्विच या तिघांतून अंतिम पातळी ठरवण्याची रचना कशी करावी, हे उमगत नाही.

आणखी एक : पोर्टबीमध्ये लिहून लगेच पिनबी वाचल्यास खऱ्या चिपवर जुनेच मूल्य मिळते, म्हणून मध्ये एक नॉप (काहीच न करणारी सूचना) घालावा लागतो. १६ मेगाहर्ट्झला एक सायकल ६२.५ नॅनोसेकंदांची होते. हा विलंब दर सायकलला तिन्ही पोर्ट तपासून दाखवावा, की बदल झालेली सायकल नोंदवून फक्त वाचतानाच हिशेब करावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.